मुळेच्या उगमाकडे

प्रवासवर्णने वाचण्याची आवड आपल्याकडील सुशिक्षित घरांत पूर्वीपासून आहे. वर्णन काशीयात्रेचे असो की विलायतेच्या सफरीचे, दुपारची जेवणे आटोपल्यावर माजघरात ते मोठ्याने वाचले जावे आणि घरातील वडील मंडळींपैकी कोणी मध्येच थांबवून "तेथे पाणी कसे आहे?" असे विचारावे, ही रीत पुष्कळांस आठवत असेल. प्रश्न साधा दिसतो. पण ज्यांनी दुष्काळी मुलखात आयुष्य काढले, त्यांच्या दृष्टीने परक्या गावाविषयी विचारण्याजोगी पहिली गोष्ट तीच. पुढे सांगितलेला प्रवास आम्ही जवळजवळ या एका प्रश्नासाठीच केला, आणि तोही परक्या गावाविषयी नसून स्वतःच्या गावाविषयी होता.

आमचे गाव राहुरी. ज्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव अधिकृतपणे मिळाले, त्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण मुळा नदीच्या काठी वसले आहे. नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याने कोणी आला, तर दोहो बाजूंचा ऊस पाहून त्यास हा मुलूख निसर्गतःच संपन्न वाटावा. वस्तुस्थिती निराळी आहे. राहुरीस वर्षाकाठी सरासरी सुमारे ५२० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने वीस-एकवीस इंच पाऊस पडतो. एवढ्या पावसावर बाजरी होते, ऊस होत नाही. हे हिरवेपण येते ते बारागाव नांदूर येथील धरणातून. 'ज्ञानेश्वरसागर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयात २६ हजार दशलक्ष घनफूट पाणी मावते, आणि कालव्यांवाटे ते राहुरीबरोबर नेवासे, शेवगाव, पाथर्डी या तालुक्यांकडे जाते. १९६८ साली स्थापन झालेल्या आमच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांची रोपेही याच नदीच्या आश्रयाने वाढली. असे असूनही ही नदी येते कोठून, असे राहुरीकरास विचारले तर तो "तिकडे, अकोल्याच्या डोंगरांत" म्हणून पश्चिमेकडे हात करतो. त्या हाताच्या टोकाशी काय आहे ते पाहण्यासाठी गेल्या वैशाखात आम्ही मोटार घेऊन निघालो.

आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. हे अनेकवचन केवळ लेखणीचे आहे. एकट्याने जाण्यास घरच्या मंडळींचा विरोध होता आणि वैशाखात जाण्यास तर हसूच झाले. सह्याद्री पाहावयाचा तो श्रावणात, धबधबे कोसळत असताना, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु माणसाची ओळख जशी अडचणीच्या दिवसांत पटते, तशी नदीची ओळख ती आटलेली असतानाच पटते, असे आम्हांस वाटते. राहिली गोष्ट एकट्याची. चार मंडळी बरोबर असली म्हणजे खाण्याच्या व विश्रांतीच्या वेळा ठरतात, गप्पा रंगतात आणि गाव मागे पडते. एकटा मनुष्य मात्र वाटेत ज्याला त्याला रस्ता विचारतो, आणि रस्ता विचारता विचारता इतर गोष्टीही त्याच्या कानी पडतात.

पहाटे धरणावर पोहोचलो तेव्हा पाणी खूपच मागे सरले होते. उघड्या पडलेल्या गाळावर काही ठिकाणी गाळपेराची पिके उभी होती. त्यापलीकडे चिखलाची भेगाळलेली पट्टी आणि मग राखाडी पाणी. बगळे मात्र संतुष्ट दिसले. मातीच्या त्या अजस्र बांधावर उभे राहिले असता पूर्वेकडे कालव्याखालची हिरवी शेते आणि पश्चिमेकडे उघडे डोंगर, असे दोन देश एका नजरेत येतात.

तेथून ताहराबाद. हे नाव वाचून आमच्या वाचक भगिनींपैकी पुष्कळजणींच्या मनात घरातील जुनी पोथी उभी राहील. 'भक्तविजय' लिहिणारे महिपतिबोवा (१७१५–१७९०) या गावचे कुलकर्णी. पूजेस बसले असता जहागीरदाराचा निरोप आला, पूजा सोडून जावे लागले, आणि परत आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवून यापुढे ती चाकरीकरिता उचलावयाची नाही असा निश्चय केला, अशी कथा सांगतात. संतांची एवढी चरित्रे ज्याने लिहिली, तो या ओसाड टेकड्यांच्या कुशीत बसून लिहीत होता, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. विठ्ठलाचे देऊळ शांत होते. ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस पाणी दिले, आणि एकटे कोठे निघालात म्हणून विचारले. मुळेचा उगम पाहावयास, असे सांगताच ते म्हणाले, "मग जून-जुलैत जा. आता गेलात तर दगड पाहून याल." आम्ही दगडच पाहावयास निघालो होतो, हे त्यांस कसे सांगावे?

ताहराबाद सोडून साकुराच्या बाजूस वळले म्हणजे संगमनेर तालुक्याचा पठार भाग लागतो. येथे मैलच्या मैल रस्ता, बोडके माळ, मधूनच एखादे लिंबाचे झाड आणि त्याखाली उभ्या असलेल्या मेंढ्या. पाण्याचा टँकर तेवढा दोनदा समोरून गेला. अशा रस्त्यावर मोटार हाकताना आम्हांस ऑस्ट्रेलियाची आठवण झाली. तिकडील लोक खंडाच्या अंतर्भागात शेकडो मैल एकटे मोटार घेऊन जातात, उलुरू नावाचा सपाटीतून ३४८ मीटर उठलेला लाल खडक पाहतात आणि मुक्काम करीत परत येतात. तो देश आमच्या दख्खनच्या उलट बाजूने मांडल्यासारखा आहे. तेथे पूर्व किनाऱ्यालगत 'ग्रेट डिव्हायडिंग रेंज' ही डोंगरांची रांग आहे. समुद्राकडून येणारी आर्द्रता ती बरीचशी अडविते आणि पलीकडचा प्रदेश काही अंशी तिच्यामुळेच कोरडा राहतो. आमच्याकडे हेच काम सह्याद्री पश्चिमेकडून करतो. डोंगराच्या सावलीस आपण नेहमी शीतल म्हणतो. पावसाची सावली तेवढी दाहक असते.

घारगावाशी पुणे-नाशिक हमरस्ता नदी ओलांडतो. पुलावरून वाहने भरधाव जातात आणि खाली मुळेचे पात्र आहे याची दखल कोणी घेत नाही. घेण्यासारखे त्या दिवशी तेथे डबक्यांपलीकडे काही नव्हतेही. ते मागे टाकून बोटा, ब्राह्मणवाडा असे करीत आम्ही कोतुळास आलो. या गावाचे नाव राहुरीस पावसाळ्यात रोज ऐकू येते. 'कोतूळ येथे मुळेचा विसर्ग इतके क्युसेक' ही बातमी वर्तमानपत्रात आली, की आमच्याकडील शेतकरी धरणात किती भर पडेल याचा हिशेब मांडतो. ज्या आकड्यावर आमच्याकडे लग्ने ठरतात आणि कर्जे काढली जातात, तो आकडा जेथून निघतो ती जागा म्हणजे काळ्या खडकांतून वळलेले एक पात्र आणि बाजूस एक साधा बाजारगाव.

कोतुळाच्या पुढे मुलूख पालटतो. दोहो बाजूंनी डोंगर जवळ येतात, भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी चढू लागतात, हिरड्याची झाडे दिसतात. वस्ती महादेव कोळी व ठाकर लोकांची. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिके, आणि ती सर्व पावसाळ्यातली. उन्हाळ्यात अनेक घरांना कुलूप असते. माणसे जुन्नर-नारायणगावाकडे मजुरीस गेलेली असतात.

पायथ्याच्या पाचनई गावाअलीकडे एका वाडीजवळ आम्ही मोटार थांबविली. ओढ्याच्या कोरड्या पात्रात पंधरावीस बायका व मुली हंडे घेऊन बसल्या होत्या. मध्यभागी पुरुषभर खोल खणलेला झिरा. त्यात उतरलेली दहाबारा वर्षांची एक मुलगी वाटीने पाणी भरून हंड्यात ओतीत होती. दहाबारा वाट्या झाल्या की पाणी संपे. मग सर्वजणी गप्प बसत, आणि तळाशी पुन्हा ओल जमली की वाटी पुन्हा चाले. आम्ही काठावर अर्धा तास उभे होतो; तेवढ्यात अडीच हंडे भरले. कोणी कुरकुर करीत नव्हते, कोणी पुढे घुसत नव्हते. ज्या शिस्तीचे धडे आम्ही शहरांतून मोठ्या आवाजात देतो, ती येथे बिनबोभाट पाळली जात होती. तिच्यामागचे कारण मात्र कोणावरही येऊ नये असे होते.

एका आजींनी विचारले, "कुठून आला, बाबा?"

"राहुरीहून, आजी."

"राहुरीला म्हनं लई ऊस असतो."

"असतो खरा. पण आजी, येथे पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो. मग ते पाणी राहत कसे नाही?"

आजींनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. "पाणी व्हय? ते खाली जातं ना, बाबा. खाली, तुमच्याकडं."

त्या बोलण्यात राग नव्हता. पाणी खाली जाते, ही गोष्ट त्यांनी सूर्य मावळतो तशी सांगितली. आम्हांस मात्र पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

यामागील कारण पाहू गेले तर गूढ असे काही नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, वर्षास चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. राहुरीहून हा घाटमाथा सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. तेवढ्या अंतरात पाऊस आठ-दहा पटींनी उतरतो. पण घाटमाथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली अखंड काळा पत्थर. उतार असा की पडलेले पाणी काही तासांत दरीत आणि काही दिवसांत धरणात. विहीर खणावी तर खडक लागतो. मोठे धरण बांधावयाचे तर दरी जेथे रुंदावते तेथे, म्हणजे खालीच बांधावे लागते. आणि कालवा निघाला की तो आणखी खाली जातो, वर येत नाही. वरच्या अंगास मुळेवर आंबित येथे एक लहान धरण आहे, कोतुळाजवळ पिंपळगाव खांड येथे दुसरे आहे. काठच्या गावांस त्यांचा उपयोग होतो. परंतु डोंगराच्या टप्प्यांवर विखुरलेल्या वाड्यांना तेच पाणी यंत्राने उपसून चढवावे लागते, आणि यंत्र, वीज व पैसा या तिन्ही गोष्टी एका वेळी तेथे क्वचितच जमतात.

रात्री पाचनईत एका घरी उतरलो. नाचणीची भाकरी आणि चटणी, असा बेत. हात धुण्यास तांब्या पुढे आला, तेव्हा दुपारची ती वाटी डोळ्यांपुढे येऊन आम्ही निम्म्या तांब्यातच भागविले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातील एक मुलगा बरोबर घेऊन हरिश्चंद्रगड चढलो. या बाजूने चढ फारसा अवघड नाही. कातळकड्याच्या पोटातून वाट जाते, आणि पावसाळ्यात जेथे मंगळगंगा धावते त्या घळीतून वर येते. मंगळगंगा ही मुळेस मिळणारी, म्हणून राहुरीकराने तिला नमस्कार करावयाचा. परंतु वैशाखात तेथे नमस्कारास योग्य असे थोडे शेवाळ आणि दोन डबकी एवढेच होते. गड सुमारे १,४०० मीटर उंच आहे. वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव देऊळ, शेजारी सप्ततीर्थ पुष्करणी, आणि खालच्या अंगास केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत मोठे शिवलिंग, त्याभोवती कमरेपर्यंत बर्फासारखे थंड पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. खाली वाटीने पाणी मोजले जात असता येथे काळोखात एवढे पाणी स्वस्थ उभे आहे, हे पाहून मनाची चमत्कारिक अवस्था झाली. चांगदेवांनी या गडावर तप केले आणि १३१२ साली 'तत्त्वसार' रचले, अशी परंपरा आहे. तिकडे नेवासे तालुक्यात हीच मुळा प्रवरेस मिळते, आणि त्या नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. उगमाशी चांगदेव, वाटेत महिपतिबोवा आणि शेवटास ज्ञानेश्वर, एवढे भाग्य फार थोड्या नद्यांच्या वाट्यास आले असेल.

संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. त्याचे वर्णन करण्याचा मोह पुष्कळांस झाला आहे, आणि बहुतेकांचे शब्द कड्यावरून खालीच पडले आहेत. अर्धवर्तुळाकार, आतल्या बाजूस पोखरल्यासारखा तो काळा कडा आणि त्याखाली धुरकटलेले कोकण. बसून राहिलो तर खालून वारा चढून तोंडावर येत होता. मुलाने टाकलेले वाळके पान त्या वाऱ्याने पुन्हा आमच्याच डोक्यावरून मागे नेले. याच कड्यावर ढगांत उमटणारे संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिले होते. त्याने केलेले वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झाले. आम्हांस इंद्रधनुष्य दिसणे शक्य नव्हते. पण समुद्राकडून येणारा ढग प्रथम कोठे आपटतो आणि आमचे भाग्य कोठे ठरते, ती जागा दिसली.

या गडाचा एक विशेष मनावर ठसला. येथील पश्चिम कड्यावरून पडणारे पाणी काळू नदीवाटे उल्हासेस मिळून अरबी समुद्रात जाते. दक्षिण अंगाचे पुष्पावतीवाटे कुकडीस, भीमेस आणि शेवटी कृष्णेस मिळते. उत्तर-पूर्वेकडचे मुळेवाटे प्रवरेस आणि गोदावरीस. एकाच सरीचे थेंब, पण कोणता थेंब ठाण्याकडे जाईल, कोणता पारनेर-श्रीगोंद्याच्या कालव्यात आणि कोणता राहुरीच्या उसात, हे हातभर उंचवट्यावरून ठरते. यात राहुरीकराची कर्तबगारी कोणती?

हे लिहिण्याचे कारण आहे. गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांतून खालच्या जायकवाडीस पाणी सोडावे की नाही, हा वाद आमच्याकडे आता जुना झाला आहे. जलसंपत्तीच्या समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात मुळा व भंडारदरा धरणांतून मराठवाड्याकडे पाणी सोडण्यात आले. अशा वेळी राहुरीत "आमचे पाणी" हा शब्द फार ऐकू येतो. मराठवाड्यातील तहानेलेला मनुष्य आम्हांस वरचा म्हणतो आणि आम्ही संतापतो. पण आमच्याही वर कोणी आहे, आणि त्याने कधी मोर्चा काढला नाही, हे आम्ही बोलत नाही. आमच्या मते या वादात राहुरीने तोंड दोन्हीकडे केले पाहिजे. खाली पाणी द्यावे लागते याचा हिशेब मागण्याचा आम्हांस अधिकार आहे. परंतु वरच्या वाड्यांना पिण्यापुरते पाणी चढवून देण्याचा खर्च या कालव्याखालच्या उत्पन्नातून का निघू नये, याचे उत्तरही आम्हीच दिले पाहिजे. २६ हजार दशलक्ष घनफुटांतून शेपन्नास वाड्यांचे पिण्याचे पाणी वजा केले, तर आमच्या एका आवर्तनासही त्याचा धक्का लागणार नाही.

हे अशक्य म्हणावे तर ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण पुन्हा घ्यावे लागते. तेथे १९४९ ते १९७४ या काळात स्नोई नावाच्या नदीचे पाणी डोंगरातून बोगदे खणून अंतर्भागातील कोरड्या शेतीकडे वळविले. शेती बहरली, पण धरणाखाली स्नोईच्या मूळ प्रवाहाचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरला. काठच्या लोकांनी अनेक वर्षे तक्रार केल्यावर २००० साली सरकारांनी काही पाणी नदीस परत देण्याचे ठरविले, आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने दिलेही. आमच्या डोंगरातील लोकांस तर नदी परत नको आहे. काही हंडे हवे आहेत.

उतरताना बरोबरच्या मुलाने राहुरी कोणत्या दिशेस म्हणून विचारले. आम्ही पूर्वेकडे हात केला. तिकडे धुळीच्या पडद्यापलीकडे काहीच दिसत नव्हते. "तिथं शाळेत नळ असतो का?" त्याने विचारले. असतो म्हणून सांगितले. मग तो बराच वेळ पुढे पुढे चालत राहिला.

ज्या वाचकांस हा प्रवास करावासा वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. राहुरीहून पाचनईपर्यंत या वाटेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतात. सकाळी लवकर निघाल्यास रमतगमत दिवस पुरतो. पठार भागात आणि कोतुळाच्या पुढे रस्ते अरुंद व वळणाचे आहेत, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे. गड पाहण्यास गावातील माणूस वाटाड्या म्हणून अवश्य घ्यावा व त्यास योग्य मोबदला द्यावा. कोकणकड्याच्या काठाशी उभे राहू नये, पालथे पडून पाहावे. जेवणाची सोय पायथ्याच्या घरांतून होते. पिण्याचे पाणी मात्र दोन दिवस पुरेल इतके राहुरीहूनच भरून न्यावे, आणि उरल्यास परत आणू नये.